न दिसणे आणि नसणे

एखादी वस्तू आपणांस आढळली नाही, एवढ्या भांडवलावर ती वस्तू नाहीच असा निवाडा देण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न आपल्याकडील दर्शनकारांनी शतकानुशतके ज्या कसोशीने हाताळला, त्या मानाने आजच्या धर्मविषयक वादांत त्याची आठवणही क्वचितच निघते. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे एक पक्ष म्हणतो. तुला दृष्टी नाही म्हणून तो दिसत नाही, असे दुसरा पक्ष उत्तर देतो. आणि आपण कोणत्या साधनाने पाहिले, व जे पाहावयाचे ते त्या साधनास दिसण्याजोगे होते काय, याची चौकशी न करताच दोघेही आपापल्या घरी परततात. ही चौकशी पुन्हा मुळापासून करावी असे मला वाटू लागले ते तबूक येथे, आणि तेही एका लॅपटॉपवर विंडोज टाकण्याच्या निमित्ताने.

तबूक हे सौदी अरबस्तानच्या वायव्येस, जॉर्डनच्या सरहद्दीपासून फारसे दूर नसलेले शहर. दमास्कसहून मदिनेकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचा जुना रस्ता येथूनच जात असे. त्या रस्त्यावरचा किल्ला अद्याप उभा आहे, आणि ऑटोमन सुलतानाच्या हुकमाने बांधण्यात आलेली हिजाझ रेल्वे, जिच्यासाठी हिंदुस्थानातील मुसलमानांनीही वर्गण्या पाठविल्या होत्या, ती १९०६ साली येथवर येऊन पोहोचली होती. परंतु इस्लामच्या इतिहासात या गावाचे नाव राहिले ते इ. स. ६३० मधील, म्हणजे हिजरी सन ९ मधील स्वारीमुळे. रूमच्या, म्हणजे बायझंटाइन, बादशहाचे सैन्य उत्तरेकडून चालून येत असल्याची वार्ता आली, तेव्हा पैगंबर महंमद भर उन्हाळ्यात मोठी फौज घेऊन मदिनेहून निघाले आणि तबूकपर्यंत आले. पाहतात तो शत्रूचा मागमूस नाही. काही काळ मुक्काम करून, आसपासच्या वस्त्यांशी तह करून फौज परत फिरली. या स्वारीचा धार्मिक अर्थ इस्लामी पंडितांनी पुष्कळ विवरिला आहे व तो सांगण्याचा अधिकार त्यांचा. मला येथे तिचा एक निराळाच विशेष सांगावयाचा आहे. उघड्या माळावर बादशाही फौज असती, तर तिचे तंबू, तिची जनावरे, तिच्या चुलींचा धूर आणि तिच्या वाटेचा धुरळा ही सारी दिसल्यावाचून राहतीच ना. म्हणून ती दिसली नाही यावरून ती तेथे नाही असे ठरविण्यात कोणताही दोष नव्हता.

‘असती तर दिसलीच असती’ असे ज्या वस्तूविषयी खात्रीने म्हणता येते, तिच्या न दिसण्यास आपले शास्त्रकार योग्यानुपलब्धी म्हणतात. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे प्रत्यक्ष-अनुमानादिकांहून वेगळे असे सहावे प्रमाण मानले व अद्वैत वेदान्त्यांनी ते त्यांच्याकडून स्वीकारले. नैयायिकांनी वेगळे प्रमाण मानण्याचे नाकारून अभाव हा एक पदार्थ आहे आणि तो प्रत्यक्षानेच कळतो असा पक्ष धरला. प्राभाकर मीमांसकांनी तर अभाव नावाची स्वतंत्र वस्तूच मानली नाही. जमिनीवर घट नाही, हे आपणांस कशाने कळते, एवढ्या साध्या प्रश्नावर या मंडळींनी जे वाङ्मय निर्माण केले त्याचा पसारा पाहिला म्हणजे छाती दडपते. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’, जो वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या संस्करणासह पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली प्रसिद्ध केला, तो हाताशी असल्यावाचून माझ्यासारख्याची या अरण्यात डाळ शिजत नाही. परंतु मतभेद कितीही असले, तरी एका गोष्टीवर भाट्ट, म्हणजे कुमारिलांचे अनुयायी, व नैयायिक या दोघांचीही सही आहे: केवळ न दिसणे पुरेसे नाही, दिसण्याजोगे असून न दिसणे, हेच अभावाचे ज्ञान करून देते. पिशाच दिसत नाही यावरून पिशाच नाही असे सिद्ध होत नाही, कारण ते दिसण्याजोगे असल्याचे कोणीच कबूल केलेले नाही.

आता लॅपटॉपची हकीकत. मी जेथे राहतो तेथे, कंपनीच्या कॅम्पात, खेड तालुक्यातील एक मुसलमान तरुण साइटवर स्टोअरकीपर आहे. शुक्रवारच्या सुट्टीत तो एक जुना घेतलेला लॅपटॉप आणि विंडोजचा पेनड्राइव्ह घेऊन माझ्या खोलीवर आला.

“काका, ह्यात डिस्कच नाय म्हणतो हा.”

“बायोसमध्ये बघितलंस?”

“तिथं दिसते. नावासकट दिसते. इथं आलं की नाय.”

पडद्यावर जो मजकूर होता त्याचा आशय असा, की एकही ड्राइव्ह आम्हांस सापडला नाही. स्टोरेजचा ड्रायव्हर मिळविण्यासाठी ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. या मजकुरातील पहिलेच वाक्य असते आणि दुसरे नसते, तर तो मजकूर त्या मुलाची दिशाभूल करणारा ठरला असता. डिस्क जळाली असे समजून त्याने नवी विकत घेतली असती. दुसऱ्या वाक्याने पहिल्याची मर्यादा सांगितली. मला सापडले नाही, आणि न सापडण्याचे कारण माझ्यापाशी साधन नसणे हे असू शकेल, एवढी कबुली त्यात आहे. आणि ती कबुली त्या यंत्राची नसून, आपल्या कृतीला काय काय दिसणार नाही याचा आगाऊ विचार करून ठेवणाऱ्या, कोठेतरी बसलेल्या एका मनुष्याची आहे. नास्तिकाच्या आणि आस्तिकाच्याही तोंडी हे दुसरे वाक्य असावे, ही माझी मागणी आहे.

ज्या संगणकांत इंटेलचे २०२० नंतरचे, म्हणजे अकराव्या पिढीचे किंवा त्यापुढचे प्रोसेसर आहेत, त्यांपैकी पुष्कळांत व्हीएमडी नावाची एक व्यवस्था कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते. तिच्यामुळे एसएसडी डिस्क मुख्य मार्गावर थेट प्रकट न होता या मध्यस्थाच्या मागे राहते. विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्या मध्यस्थाशी बोलण्याचा ड्रायव्हर नसेल, तर विंडोजला मध्यस्थही उमगत नाही व त्याच्या मागची डिस्कही दिसत नाही. बायोसपाशी मात्र त्याची स्वतःची, कारखान्यात भरलेली वेगळी दृष्टी असते, म्हणून त्याला डिस्क नावानिशी दिसते. एकच पेटी, एकच डिस्क, एकच वीज. पाहणारे दोन, आणि त्यांच्या साक्षी परस्परविरुद्ध. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, असलेली वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणे नमूद आहेत: वस्तू फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रिय बिघडलेले असणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू अतिसूक्ष्म असणे, मध्ये आड काही असणे, दुसऱ्या प्रबळ वस्तूने झाकोळून जाणे, आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणे. प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्मतेमुळे, अभावामुळे नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी ही यादी तेथे आली आहे. आमच्या लॅपटॉपचा मामला सहाव्या कारणात, म्हणजे व्यवधानात मोडतो. आणि व्यवधानाचे याहून मोठे उदाहरण तबूकच्या माळाखालीच आहे. साक नावाच्या वालुकाश्माच्या थरात येथे हजारो वर्षांपूर्वीचे पाणी साठलेले आहे. तोच थर सरहद्दीपलीकडे जॉर्डनमध्ये दीसी या नावाने ओळखला जातो. शेकडो वर्षे या मार्गाने कारवाँ गेले, यात्रेकरू गेले, त्यांनी गावातल्या झऱ्याचे पाणी भरून घेतले, आणि पायांखाली केवढा साठा आहे याची त्यांना दाद नव्हती. १९८० नंतरच्या काळात खोल विंधनविहिरी खणून येथे गव्हाची आणि फळाफुलांची शेती उभी राहिली, तेव्हा ते पाणी नव्याने निर्माण झाले नाही. पाहण्याचे साधन आले. त्या साधनाने उपसा इतका वाढला, की पावसाने भरून न येणारे ते पाणी गव्हावर खर्चू नये म्हणून सरकारला देशी गव्हाची खरेदी २००८ पासून क्रमाक्रमाने बंद करावी लागली, ही गोष्टही येथेच सांगून ठेवतो. दिसू लागलेल्या वस्तूशी कसे वागावे हे ज्ञान दृष्टीबरोबर आपोआप येत नाही.

चार्वाकमताचा आणि ईश्वरवादाचा जो झगडा या प्रमाणाच्या आखाड्यात झाला, त्यात दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे मैथिल नैयायिक उदयनाचार्य यांचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही या आक्षेपाचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे, की न दिसणाऱ्या वस्तूला नाही म्हणावयाचे झाल्यास घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला आपली बायकामुले दिसत नाहीत, तेव्हा त्याने ती नाहीशी झाली असे समजून ऊर बडवीत आक्रोश करावयास पाहिजे आणि घरी परत जाण्याचे कारणच त्याला उरू नये. वाईत किंवा काशीत बसून वाचताना हा एक वादपटूचा टोला वाटतो. तबूकमध्ये तो तसा वाटत नाही. येथे कोकणातून, मराठवाड्यातून, केरळातून, बिहारातून आलेले सहस्रावधी पुरुष आहेत, ज्यांच्या बायकामुलांना पाहिल्याला वर्ष वर्ष लोटते. आणि त्यांचा सारा दिनक्रम, त्यांचे ओव्हरटाइम, त्यांचे जेवणातले काटकसरीचे हिशेब, दर महिन्याला पाठवावयाची रक्कम, हे सर्व त्या न दिसणाऱ्या माणसांच्या अस्तित्वावर इतक्या निःशंकपणे उभे असते, की न दिसणे म्हणजे नसणे हा सिद्धान्त येथे मनाने कोणीही मान्य करू शकत नाही. भारताची घड्याळे येथल्या घड्याळांच्या अडीच तास पुढे असल्यामुळे रात्रीची पाळी संपवून आलेला मनुष्य मुले शाळेला निघण्यापूर्वी त्यांना फोनवर गाठू शकत नाही. ती निघून गेलेली असतात. शाळेत ती आहेत, याविषयी त्याला संशय येत नाही.

परंतु उदयनाचार्यांचा हा दृष्टान्त मला अर्ध्यावरच सोबत करतो, आणि हे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. चार्वाक त्यास असे उत्तर देऊ शकेल, की माझी मुले मी पूर्वी पाहिली आहेत, घरी गेल्यावर पुन्हा पाहीन, आणि मी पाहत नसताना शेजारी त्यांना पाहत आहे; तुमच्या ईश्वराविषयी यांपैकी कोणती गोष्ट तुम्ही मला दाखविता? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात, ब्रह्म्याशी एकरूप होण्याचा खरा मार्ग कोणता यावर वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोघे ब्राह्मण तरुण भांडत बुद्धाकडे येतात, तेव्हा बुद्ध त्यांना हेच विचारतो, की तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, मंत्र रचणाऱ्या पूर्वजांपैकी कोणी ब्रह्म्यास प्रत्यक्ष पाहिले आहे काय. लॅपटॉपच्या बाबतीत ‘तुझ्याकडे ड्रायव्हर नाही’ असे म्हणणारा मनुष्य तेवढ्यावर थांबत नाही. तो ड्रायव्हर आणून देतो, तो घातल्यावर डिस्क त्यालाही दिसते, मुलालाही दिसते आणि त्या मुलाचा कट्टर विरोधक शेजारी येऊन उभा राहिला तर त्यालाही दिसते. उलट, तुला श्रद्धा नाही म्हणून तुला दिसत नाही, असे सांगणारा मनुष्य जर श्रद्धेचे साधन दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नसेल, किंवा दिल्यावरही काही न दिसल्यास ‘तुझी श्रद्धा अजून पुरी नाही’ एवढेच म्हणत राहणार असेल, तर त्याच्या म्हणण्यास कोणतीही वस्तुस्थिती कधीच खोटे ठरवू शकणार नाही. आणि जे कशानेच खोटे ठरत नाही, ते पिशाचाच्या पक्षालाही तितकेच उपयोगी पडते. म्हणून साधन पुरविण्याची जबाबदारी, माझ्या मते, आस्तिकावर अधिक आहे. मी स्वतः आस्तिक आहे, आणि हे ओझे माझ्या पक्षावर आहे हे मी जाणूनबुजून मान्य करतो.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे जिवंत माणसे दुखावतात. यंत्र जेव्हा ‘अमुक ड्रायव्हर नाही’ असे कारण सांगते, तेव्हा तेही एक अनुमानच असते आणि अनुमानात हेत्वाभास शिरू शकतो. विंडोज ७ ही २००९ सालची. नंतर प्रचारात आलेल्या यूएसबी ३ या जोडणीचा ड्रायव्हर तिच्या पेनड्राइव्हमध्ये नव्हता. तेव्हा निळ्या खाचेत पेनड्राइव्ह लावून ती टाकू जाणाऱ्यास असा संदेश येई, की सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर नाही; आणि ज्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नाही त्याच्यासाठी माणसे सीडीचा ड्रायव्हर शोधीत बसत. तोच पेनड्राइव्ह जुन्या काळ्या खाचेत लावला की काम होई. कित्येकदा तर ड्रायव्हरचा संबंधच नसे. उतरवून घेतलेली मूळ फाइलच अर्धवट किंवा बिघडलेली असे, आणि ती पुन्हा उतरवून तिचा हॅश मूळच्याशी ताडून पाहिला म्हणजे दोष सापडे. संदेश ठाम, कारण भलतेच. आता आपल्या घराघरांत काय चालते ते पाहा. ज्या बाईचे मूल गेले तिला, तुझे पूर्वजन्मीचे काही असेल, तुझा नवस राहिला असेल, तुझा भाव कमी पडला असेल, असे सांगणारे लोक भेटीला येतात व समाधान केल्याच्या भावनेने परत जातात. मुलाच्या मृत्यूचे कारण गावात दवाखाना नसणे हे असेल, पाणी दूषित असणे हे असेल. पण उणेपण तिच्या अंतःकरणात आहे असा शिक्का मारला जातो, आणि ती बिचारी नसलेल्या सीडीचा ड्रायव्हर आयुष्यभर शोधीत राहते. न दिसण्याचे खापर पाहणाऱ्यावर फोडण्यापूर्वी पुरावा हवा. कोणत्याही धर्माच्या नावाने हा पुराव्यावाचूनचा निवाडा झाला, तरी तो मला क्रूर वाटतो.

साधन हवे हे ठरले, तरी ते आणावयाचे कोठून? येथे तार्किकांना परिचित असा अन्योन्याश्रय दोष उभा राहतो. नव्याने विंडोज किंवा लिनक्स टाकलेल्या संगणकास वायफायचा ड्रायव्हर नसला, तर तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि इंटरनेटला जोडावयाचे तर वायफायचा ड्रायव्हर आधी हवा. श्रद्धेवाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून श्रद्धा ठेवावी कशाच्या बळावर, हा साधकाचा पेच याच जातीचा आहे. ज्या यंत्रात ही गाठ पडली आहे त्या यंत्राच्या आत ती कितीही विचार केला तरी सुटत नाही. दुसऱ्या एखाद्या, आधीच जोडल्या गेलेल्या यंत्रावरून ती फाइल आणावी लागते. शब्दप्रमाणाची, आप्ताची, गुरूची आवश्यकता आपल्या परंपरेने मानली ती या ठिकाणी. त्या खेडच्या मुलाचेच पाहा. गावी असताना तो नमाजासाठी पश्चिमेकडे तोंड करीत असे, येथे तो जवळजवळ दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला कलून उभा राहतो. काबा त्याला तेथूनही दिसत नव्हता, येथूनही दिसत नाही, दिशा मात्र जाणकारांच्या सांगण्यावरून दोन्ही ठिकाणी अचूक साधते, आणि ती ज्याला पाहिजे त्याला नकाशावर पडताळून पाहता येते.

पण आप्त कोण, हा प्रश्न लगेच मागे लागतो, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत तो फारच गंभीर आहे. ड्रायव्हर हा संगणकाच्या गाभाऱ्यात वावरतो. सामान्य प्रोग्रामला जेथे मज्जाव, तेथे त्याला मुक्तद्वार. म्हणूनच विंडोजच्या चौसष्ट-बिटी आवृत्त्या व्हिस्टापासून, सही-शिक्का नसलेल्या ड्रायव्हरला गाभ्यात शिरू देत नाहीत, आणि पुढे विंडोज १० मध्ये तर तो शिक्का खुद्द मायक्रोसॉफ्टकडून घ्यावा असा दंडक झाला. इतका बंदोबस्त असताही १९ जुलै २०२४ रोजी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचा रीतसर शिक्कामोर्तब झालेला ड्रायव्हर एक सदोष माहिती-फाइल वाचता वाचता कोसळला आणि त्याच्याबरोबर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सनद खरी होती, सनद देणारा खरा होता, आणि तरीही अनर्थ झाला. ज्याला आपण अंतःकरणाच्या गाभाऱ्यात प्रवेश देतो त्या गुरूच्या, ग्रंथाच्या किंवा संप्रदायाच्या बाबतीत केवळ परंपरेची मोहोर पाहून थांबणे पुरेसे नाही, असे मी म्हणतो ते अश्रद्धेने नव्हे. शिक्का एवढेच सांगतो, की ही वस्तू कोणाकडून आली. आत गेल्यावर ती काय करील, याची जबाबदारी शिक्का घेत नाही, आणि तिच्यावर डोळा ठेवण्याच्या कामातून तो घरधन्याची सुटकाही करीत नाही.

साधन पुरविण्याच्या कामी एका जुन्या सोवळेपणाचाही अडसर असतो. डेबियन ही लिनक्सची एक फार प्रतिष्ठित शाखा. ज्याचा मूळ मजकूर खुला नाही असे काहीही आपल्या अधिकृत संचात ठेवावयाचे नाही हे तिचे व्रत होते. तत्त्व उदात्त, यात शंका नाही. परंतु बहुतेक वायफाय-यंत्रांना लागणारे फर्मवेअर खुले नसल्यामुळे, व्रताच्या पालनात नवख्या मनुष्याचा लॅपटॉप मुका राहत असे, आणि ज्याला इंटरनेटची गरज सर्वांत अधिक त्यालाच ते मिळत नसे. अखेर २०२२ च्या ऑक्टोबरात तेथील सभासदांच्या मतदानाचा निकाल लागला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या संचात असे फर्मवेअर, ते खुले नाही हे स्पष्ट नमूद करून, समाविष्ट झाले. व्रत मोडले असे काहींना वाटले. मला त्या निर्णयात आपल्या संतांची रीत दिसते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत सांगितला गेला तेव्हा संस्कृताचे सोवळे मोडल्याची हाकाटी करणारे होतेच. परंतु ज्याने संस्कृत शिकल्यावाचून गीतेकडे येऊ नये आणि ज्याला संस्कृत शिकण्याचा मज्जाव, त्याला त्या अन्योन्याश्रयातून बाहेर काढण्याचा दुसरा उपाय नव्हता. ज्ञानेश्वरांनी अर्थ व तो समजण्याचे साधन एकाच गाठोड्यात बांधून दिले. साधन पुरविण्याची जी जबाबदारी आस्तिकावर आहे असे मी वर म्हटले, ती इतक्या संपूर्णपणे पार पाडणारा मनुष्य मला आमच्या इतिहासात दुसरा माहीत नाही.

आमच्या लॅपटॉपचे काम पुढे असे झाले. माझ्या संगणकावरून इंटेलच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर उतरवून घेतला, झिप मोकळी करून तो दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवला, आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून त्या फोल्डरकडे बोट दाखविले. त्या फाइलीच्या नावात अद्याप ‘एफ६’ आणि ‘फ्लॉपी’ यांची खूण आहे. विंडोज एक्सपीच्या काळी एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. फ्लॉपी गेली, नाव राहिले. आपल्या कर्मकांडात अशी नावे किती आहेत याचा हिशेब एखाद्या अभ्यासकाने मांडावा. यादीत प्रथम काहीच येईना, कारण झिप न सोडविलेल्या मूळ प्रतीकडे आम्ही पाहत होतो. योग्य फोल्डर निवडल्यावर मध्यस्थाचे नाव उमटले, ‘पुढे’ दाबताच क्षणभराने डिस्क आणि तिचे चार विभाग पडद्यावर आले. मुलाने विचारले, “काका, हे व्हीएमडी बायोसात बंदच करून टाकलं असतं तर?” त्यानेही डिस्क दिसली असती, हे खरे. मात्र त्या लॅपटॉपच्या आधीच्या मालकाची विंडोज व्हीएमडी चालू असताना टाकलेली होती, आणि ती व्यवस्था एकदम बंद केली असती तर ती जुनी विंडोज, ज्यातून अजून काही कागदपत्रे काढून त्या मालकाला द्यावयाची होती, सुरूच झाली नसती. ज्या साधनाच्या आधारावर एखादे जग उभे राहिले आहे, ते साधन काढून घेण्यापूर्वी दुसरे तेथे बसवावे लागते.

धर्म बदलणाऱ्यास किंवा सोडणाऱ्यास हे सांगण्याचा मला अधिकार नाही, कारण ज्याने ही गोष्ट सर्वांत मोठ्या प्रमाणावर व सर्वांत जबाबदारीने करून दाखविली तो मनुष्य महाराष्ट्रातच झाला. मी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास केली, आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास. मधली एकवीस वर्षे दिरंगाईची होती असे समजणारे लोक, लक्षावधी माणसांच्या जीवनाचा आधार बदलावयाचा म्हणजे काय याचा विचार करीत नाहीत. या अवधीत त्यांनी निरनिराळ्या धर्मांची पारख केली, आणि अखेरच्या वर्षांत प्रकृती खालावलेली असताना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून काढला. ईश्वर कोणी पाहिलेला नाही, हा मुद्दा त्या ग्रंथात आहे. परंतु ते त्यावर थांबत नाहीत. ईश्वर मानल्याने मनुष्य मनुष्याशी कसा वागतो हे ते तपासतात, धम्माचे केंद्र माणसाचे माणसाशी असलेले नाते हे होय असे सांगतात, आणि स्वतः बुद्धाने आपल्या वचनाला अस्खलनशील मानण्यास सांगितले नाही, हे आवर्जून नोंदवितात. नाही म्हणणाऱ्याने आपण कशाने पाहिले हे सांगावे, आणि ज्यांच्याकडून जुने साधन घ्यावयाचे त्यांच्या हाती नवे आधी द्यावे, या दोन्ही मागण्या तेथे पुऱ्या झाल्या आहेत. माझा ईश्वरावर विश्वास असताही त्या ग्रंथाशी वाद करावयाचा झाल्यास मला त्याच्याच अटींवर, माझे साधन पुढे ठेवून, करावा लागेल. आणि तो ग्रंथ छापून १९५७ साली लोकांच्या हाती आला, तेव्हापासून आमच्या बाजूने तसा वाद फार थोड्यांनी केला आहे.